नवागत आणि आरोग्यसेवा : जयपूरच्या चारदीवारीचे उदाहरण

परगावी जाऊन राहू लागलेला माणूस प्रथम निवाऱ्याची सोय पाहतो, मग कामाची, मग शिधापाण्याची. दवाखान्याची चौकशी तो सहसा करीत नाही. आजारपणच त्याला ती करावयास लावते. स्वतःच्या गावात असताना ताप आला तर कोणाकडे जावे, हाड मोडले तर कोठे न्यावे, रात्री-अपरात्री कोणते दार उघडे असते, हे त्याला ठाऊक असते. हे ज्ञान त्याला कोणी मुद्दाम शिकवलेले नसते, आणि म्हणूनच आपल्यापाशी असे काही ज्ञान आहे याची त्याला जाणीवही नसते. स्थलांतर करणारा माणूस घर, शेत आणि आप्तेष्ट मागे ठेवून येतो हे सर्वांना दिसते. परंतु हे ज्ञानही तो मागेच ठेवून येतो, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

मोठ्या शहरात रुग्णालये पुष्कळ असतात, तेव्हा तेथे नवागताची सोय आपोआप होईल, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. रुग्णालय जवळ असणे ही एक गोष्ट आणि तेथवर जाण्याची वाट ठाऊक असणे ही दुसरी. या दोहोंतील अंतर कसे पडते व ते कसे कमी करता येते, हे जयपूरच्या चारदीवारीच्या उदाहरणावरून चांगले समजते.

शहराची रचना

जयपूरच्या जुन्या, तटबंदीच्या आतील शहराला 'चारदीवारी' किंवा 'परकोटा' म्हणतात. सवाई जयसिंह यांनी १८ नोव्हेंबर १७२७ रोजी या नगराची स्थापना केली. आखणीच्या कामी विद्याधर भट्टाचार्य या बंगाली विद्वानाचे साहाय्य त्यांना लाभले. पूर्वेच्या सूरजपोलपासून पश्चिमेच्या चांदपोलपर्यंत एक सरळ राजमार्ग जातो. त्याला छेद देणाऱ्या रस्त्यांमुळे रामगंज चौपड, बडी चौपड आणि छोटी चौपड असे तीन मोठे चौक तयार झाले आहेत. या मार्गांनी शहराचे जे भाग पडतात त्यांना 'चौकडी' म्हणतात. २०१९ साली युनेस्कोने या नगराचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला.

नवागताला या आखणीचा उपयोग फार आहे. येथील पत्ता घरक्रमांकावरून शोधावयाचा नसतो; तो मोठ्याकडून लहानाकडे जात शोधावयाचा असतो. प्रथम बाजार, त्यानंतर बाजारातून आत शिरणारा 'रास्ता', मग गल्ली, आणि शेवटी एखादे मंदिर, हवेली किंवा मोहल्ला. 'रास्ता' या शब्दाला येथे विशेष अर्थ आहे. पुष्कळशा रास्त्यांना तेथील व्यवसायांची नावे मिळाली आहेत. मणिहारों का रास्ता लाखेच्या बांगड्यांसाठी प्रसिद्ध आहे, ठठेरों का रास्ता भांडी घडविणाऱ्यांचा, तर गोपालजी का रास्ता रत्नांच्या व्यापाराचा. रुग्णवाहिकेसाठी दूरध्वनी करताना 'जौहरी बाजारामागे' एवढेच सांगणारा आणि 'अमुक रास्ता, अमुक मंदिरासमोरची गल्ली' असे सांगणारा, या दोघांच्या नशिबात पुष्कळ फरक पडू शकतो. शिवाय अरुंद गल्लीत गाडी शिरत नाही. रुग्णाला मुख्य रस्त्यापर्यंत उचलून आणावे लागते, आणि त्यासाठी शेजारी लागतात. म्हणजे पत्ता आणि शेजार या दोन गोष्टी येथे आरोग्यसेवेचाच भाग ठरतात.

परक्यांनी वसविलेले नगर

हे नगर परक्यांना नवे नाही. किंबहुना ते परक्यांनीच वसविले आहे. जयसिंहांनी ठिकठिकाणचे व्यापारी, कारागीर व पंडित यांना येथे आणून वसविले. त्यांच्या दरबारातील जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय होते असे मानले जाते. युक्लिडच्या भूमितीचा आणि टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथाचा संस्कृत अवतार त्यांनी सिद्ध केला.

आजच्या काळात मराठी माणूस चारदीवारीत येतो तो पोथी घेऊन नव्हे, तर मूस घेऊन. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी इत्यादी अवर्षणग्रस्त तालुक्यांतील माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या व्यवसायानिमित्त पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या सराफी पेठांत पसरली आहेत. विटा आणि आसपासच्या गावांतील क्वचितच एखादे घर असे असेल की ज्याचा कोणी ना कोणी नातलग दूरच्या प्रांतात भट्टीवर बसलेला नाही. जयपूरची पेठही याला अपवाद नाही. जुने दागिने वितळविणे, नत्राम्लाच्या साहाय्याने सोन्यातून चांदी व तांबे वेगळे काढणे, सराफाच्या दुकानातील झाडलोटीच्या मातीतूनही धातूचे कण मिळविणे असे हे काम. दुकान लहान असते. पुष्कळदा भट्टी खाली आणि बिऱ्हाड वर अशी रचना असते. गावाकडून आलेला पोरसवदा मुलगा प्रथम मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानात राहतो, आणि काही वर्षांनी लग्न करून पत्नीला घेऊन येतो.

अशा माणसाला आजारपणात पहिला आधार आपल्या गाववाल्यांचा असतो. हा आधार मोठा आहे. तो रात्री बारा वाजताही मिळतो आणि त्यासाठी कागद लागत नाही. तथापि त्याला एक मर्यादा आहे. गाववाल्यांना जेवढे ठाऊक, तेवढेच नवागताला कळते. त्यांनी वीस वर्षे एकाच औषधविक्रेत्याकडून गोळ्या आणल्या असतील, तर नवागतही तेथेच जातो. चौडा रास्त्यालगतच्या फिल्म कॉलनीत औषधांची घाऊक पेठ आहे. औषध इतके हाताशी असल्यावर वैद्याला विचारण्याचे टाळण्याचा मोह होतो. त्यातून दोन टोके निर्माण होतात. किरकोळ दुखण्यासाठी माणूस दुकानातील गोळीवर किंवा पदवी नसलेल्या डॉक्टरवर विसंबतो, आणि दुखणे हाताबाहेर गेले की थेट सर्वांत मोठ्या रुग्णालयाकडे धावतो. या दोहोंमधल्या पायऱ्या त्याला दिसतच नाहीत.

मधल्या पायऱ्या

पहिली पायरी गल्लीतच असते. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेखालील अंगणवाडी आणि तिच्याशी संलग्न असलेली आरोग्य कार्यकर्ती, जिला राजस्थानात 'आशा सहयोगिनी' म्हणतात, ही ती पायरी होय. गरोदर स्त्रीची नोंद, बालकांचे लसीकरण, क्षयरोगाच्या संशयिताला तपासणीसाठी पाठविणे ही कामे तिच्याकडे असतात. नवागत कुटुंबातील स्त्रीने शेजारणीला 'येथील आशा कोण?' एवढे विचारले तरी पुष्कळ काम होते. मात्र ही कार्यकर्ती ज्या घरांची यादी बाळगते, त्या यादीत भाड्याने नव्याने राहावयास आलेले बिऱ्हाड आपोआप येत नाही. तेव्हा आपले नाव आपणच घालून घ्यावे लागते.

दुसरी पायरी म्हणजे वस्तीतील सरकारी दवाखाना किंवा शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र. साधा ताप, खोकला, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची नियमित तपासणी यांसाठी येथेच जावे. राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी संस्थांत मोफत औषधांची, आणि २०१३ पासून मोफत तपासण्यांची योजना सुरू झाली. लहान दवाखान्यातही औषध मिळते हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण बाहेर पैसे खर्च करीत राहतात.

तिसऱ्या पायरीवर चारदीवारीच्या आतील गणगौरी बाजारचे सरकारी रुग्णालय येते. स्त्रियांसाठी सांगानेरी दरवाजाजवळ महिला चिकित्सालय आणि चांदपोलच्या बाहेर जनाना रुग्णालय आहे. जोरावरसिंह दरवाजापाशी आमेरच्या वाटेवर १९७६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय आयुर्वेद संस्था आहे. जुन्या, रेंगाळणाऱ्या दुखण्यांसाठी अनेक जण तेथील बाह्यरुग्ण विभागात जातात. मानसिक आजारांसाठीचे सरकारी रुग्णालय घाट दरवाजाच्या पलीकडे, शेठी कॉलनीच्या भागात आहे.

शेवटची पायरी सवाई मानसिंह रुग्णालयाची. तटाच्या दक्षिणेस, रामनिवास बागेच्या पुढे ते वसले आहे. १९४७ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले असून राज्याच्या सर्व जिल्ह्यांतून तेथे रुग्ण येतात. बालकांसाठीचे जे. के. लोन रुग्णालयही त्याच्या जवळच आहे. जे दुखणे खालच्या पायरीवर बरे होऊ शकते ते घेऊन येथे आलेला माणूस अर्धा दिवस रांगेत घालवितो, त्या दिवसाची मजुरी गमावतो, आणि पुढच्या वेळी गोळीवरच भागवितो. सरकारी बाह्यरुग्ण विभागाची वेळही ध्यानात ठेवावयास हवी. राजस्थानात ती सर्वसाधारणपणे एप्रिल ते सप्टेंबर सकाळी ८ ते दुपारी २ आणि ऑक्टोबर ते मार्च सकाळी ९ ते दुपारी ३ अशी असते. सायंकाळी काम आटोपून जाणाऱ्याला तेथे फक्त तातडीचा विभाग उघडा सापडतो.

व्यवसाय न सांगितल्याने होणारी हानी

गलाईच्या कामात एक धोका असा आहे की तो ठाऊक नसल्यास पायऱ्यांचे हे सारे ज्ञान व्यर्थ ठरावे. नत्राम्लात धातू विरघळताना तांबूस-तपकिरी रंगाचा वायू निघतो. बंद खोलीत तो नाकातोंडात गेल्यास प्रथम थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात, आणि मग बरे वाटू लागते. हे बरे वाटणे फसवे असते. फुप्फुसांना झालेली इजा काही तासांनी, क्वचित एक-दोन दिवसांनीही, प्रकट होते. फुप्फुसांत पाणी साठू लागते आणि श्वास कोंडतो. रात्री निजलेला माणूस पहाटे धापा टाकीत उठतो. म्हणून असा वायू अधिक प्रमाणात श्वासावाटे गेला असेल, तर त्रास होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. येथे मधल्या पायऱ्या चढत बसू नये. आम्ल अंगावर सांडल्यास ते कपडे उतरवून तो भाग निदान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावा आणि मग रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका मंद गतीचा आहे. शुद्धीकरणात जेथे शिसे वापरले जाते, तेथे त्याच्या वाफेने व धुळीने शरीरात शिसे साठत जाते. पोटात कळा, बद्धकोष्ठ, थकवा, रक्तक्षय, हातापायांची दुर्बलता अशी लक्षणे दिसतात. डॉक्टर पोटाचे औषध देतो, कारण रुग्णाने आपण काय काम करतो हे सांगितलेले नसते. भट्टीच्या वरच्या मजल्यावर वाढणाऱ्या मुलांना तर याचा उपद्रव अधिक, कारण शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला नाव व वय यांबरोबर व्यवसाय सांगणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. परप्रांतात हे विशेष खरे ठरते. विट्याच्या डॉक्टरला 'गलाई' हा एक शब्द पुरेसा होतो. जयपूरच्या डॉक्टरला मात्र भट्टी, आम्ल आणि शिसे ही तीन नावे घेऊन सांगावे लागते.

भाषेचे खाचखळगे

मराठी माणसाला हिंदी समजते, आणि म्हणूनच त्याची अधिक फसगत होते. मराठीत 'जुलाब होतात' म्हणजे अतिसार होतो. हिंदीत 'जुलाब' म्हणजे रेचक. अतिसाराला तिकडे 'दस्त' म्हणतात, आणि आपल्याकडे दस्त म्हणजे नोंदणी कचेरीतील कागद. कावीळ म्हणजे 'पीलिया', मूळव्याध म्हणजे 'बवासीर', गोवर म्हणजे 'खसरा'. खसरा हा शब्द मराठी कानाला जमिनीच्या कागदपत्रांची आठवण करून देतो. 'दम लागतो' हे 'साँस फूलती है' असे सांगावे लागते. असे दहा-बारा शब्द जाणत्या गाववाल्याकडून समजून घेतले, तर डॉक्टरपुढील दोन मिनिटे वाया जात नाहीत. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच लागू पडते. नव्याने आलेल्या सुनेचे हिंदी कच्चे असते, सोबत आलेला दीर किंवा नवरा तिच्या वतीने बोलतो, आणि जे तिला सांगावयाचे असते ते राहूनच जाते. महिला चिकित्सालयात जाताना एखादी जाणती शेजारीण बरोबर असावी, ही जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची आहे.

कागदांचे ओझे आणि कागदांचा आधार

नवागताची खरी अडवणूक पुष्कळदा दारापाशी नव्हे, तर खिडकीपाशी होते. राज्य सरकारच्या विमा योजना राज्यातील रहिवाशांसाठी असतात आणि राजस्थानात त्यांसाठी 'जन आधार' ही कौटुंबिक नोंद लागते. ई-मित्र केंद्रावर तिचा अर्ज करता येतो, परंतु राजस्थानातील रहिवासाचा पुरावा हवा. आणि भाडेचिठ्ठी करून देण्यास घरमालक नेहमीच राजी असतो असे नाही.

तरीही नवागत अगदीच रिकाम्या हाताचा नसतो. काही हक्क माणसाबरोबर प्रवास करतात. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत ज्या कुटुंबाचे नाव आहे, त्याला अन्य राज्यांतील संलग्न रुग्णालयांतही भरती होऊन उपचार घेता येतात. सरकारी संस्थेत प्रसूत होणाऱ्या स्त्रीला २०११ पासून शस्त्रक्रियेसह प्रसूती, औषधे व आहार विनामूल्य देण्याची तरतूद आहे. अपघातग्रस्ताला, तो कोठलाही असो, तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात दिला असून तो सरकारी व खाजगी दोन्ही डॉक्टरांना बंधनकारक आहे. राजस्थान विधानसभेने २१ मार्च २०२३ रोजी आरोग्याच्या हक्काचा कायदा संमत केला. असे करणारे ते पहिले राज्य होय. मात्र कायदा संमत होणे आणि तो खिडकीपर्यंत पोहोचणे यांत काळ जातो, हेही विसरून चालणार नाही.

क्षयरोगाचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. या रोगाचे उपचार निदान कित्येक महिने चालतात. औषध मध्येच सुटले तर रोग उलटतो आणि नेहमीच्या औषधांना दाद देईनासा होतो. गलाईचा कामगार सणाला, जत्रेला किंवा मयतीला गावी जातो आणि तेथे महिनाभर राहतो. औषध सुटण्याचा प्रसंग नेमका तेव्हा येतो. सरकारी नोंदीत प्रत्येक रुग्णाला एक 'निक्षय' क्रमांक मिळतो. तो सांगितल्यास जयपूरचे उपचार विट्यात आणि विट्याचे जयपुरात पुढे चालू ठेवता येतात. पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कमही या नोंदीशीच जोडलेली आहे; नोव्हेंबर २०२४ पासून ती ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली. हाच न्याय माता-बाल संरक्षण कार्डाला लागू आहे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची आपली चाल असल्यामुळे तपासण्या जयपुरात आणि प्रसूती महाराष्ट्रात असे घडते. कार्ड ट्रंकेत राहिले, तर तिकडील डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

नवागताला सामावून घेणारी संस्था

सेवा घेणाऱ्याने वाट शोधावी हे जितके खरे, तितकेच सेवा देणाऱ्याने वाट सोपी करावी हेही खरे. याचा उत्तम दाखला जयपुरातच आहे. १९६८ च्या सुमारास सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या प्रयत्नांतून 'जयपूर पाय' तयार झाला. हा कृत्रिम पाय लावून अनवाणी चालता येते आणि मांडी घालून बसता येते. १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो देशभरच्या गरजूंपर्यंत विनामूल्य पोहोचविला. समितीच्या पद्धतीतील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. दूरच्या गावाहून कोणत्याही वेळी आलेल्या रुग्णाला दाखल करून घ्यावयाचे, त्याच्या व सोबत्याच्या राहण्या-जेवणाची सोय करावयाची, आणि पाय बसवूनच त्याला परत पाठवावयाचे. रुग्ण परका आहे, त्याला शहर ठाऊक नाही, पुन्हापुन्हा येणे त्याला परवडणार नाही, हे गृहीत धरूनच व्यवस्था आखली गेली. परक्याची गैरसोय हा व्यवस्थेचा दोष मानला म्हणजे काय साधते, हे येथे दिसते.

याच्या उलट बाजूचा अनुभव २०२० साली आला. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस चारदीवारीतील रामगंज भागात कोरोनाचे रुग्ण आढळले, आणि संचारबंदी लागू होऊन घरोघर पाहणी सुरू झाली. देशभर सर्वत्र दिसले तेच येथेही लागू होते : संकटकाळी मदत याद्यांच्या आधारे वाटली जाते, आणि जो कोणत्याच यादीत नाही तो शेवटी आठवतो.

पहिल्या आठवड्याचे काम

यावरून नवागताने करावयाच्या गोष्टी फार नाहीत असे दिसून येईल. आपल्या घराचा पत्ता बाजार, रास्ता व गल्ली यांसह हिंदीत पाठ करावा आणि तो बायकामुलांनाही शिकवावा. जवळचा सरकारी दवाखाना एकदा पायी जाऊन पाहून यावा, आणि रात्री तातडीचा विभाग कोठे असतो तेही विचारून ठेवावे. आशा सहयोगिनीकडे घराची नोंद करावी. जुन्या चिठ्ठ्या, लसीकरणाची कार्डे व ओळखपत्रे एका पिशवीत ठेवावी. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही आणीबाणीसाठी ११२, संकटातील स्त्रीसाठी १८१, बालकांसाठी १०९८, मनःस्वास्थ्यासाठी १४४१६ आणि वृद्धांसाठी १४५६७ हे क्रमांक भिंतीवर लिहून लावावेत. या साऱ्याला एक सुट्टीचा दिवस पुरतो.

आणि जे आधीपासून तेथे स्थिरावले आहेत, त्यांचेही एक कर्तव्य आहे. गावाकडून आलेल्या मुलाला भट्टीची आच आणि आम्लाचे प्रमाण ते पहिल्याच दिवशी शिकवतात. त्याच दिवशी त्याला दवाखान्याची वाटही दाखविली, तर पुढे कधीतरी एखाद्या पहाटे ते शिकविणे त्याच्या जिवाच्या कामी येईल.